सगुणदादाचं गाऱ्हाणं

आमच्या सगुणदादाचा आवाज तसा मोठा नाही. घरात बोलायला लागला तर वयनी दोनदा विचारते, काय म्हणालात? पण देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की हाच माणूस मागच्या तळ्यापर्यंत ऐकू जायचा. मी त्याला चिडवायचे, "दादा, देवाक ऐकू येता रे, तो काय पणजेक राहता?" तो हसायचा आणि म्हणायचा, "देवाक येता गे बाय, माणसांक येणा नाय."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पेडणे भागात देवळात कोणी आपलं दुःख किंवा नवस घेऊन आला, तर तो स्वतः देवाशी बोलत नाही. ज्या घराकडे तो मान आहे त्या घरचा पुरुष त्याच्या वतीने बोलतो. एकेक वाक्य म्हणायचं, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्या लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुःख एकाचं, मागणं सगळ्यांचं. आमच्या गावात हा मान आमच्या घराकडे. बाबांनंतर तो दादाकडे आला.

पोटासाठी दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करतो. सकाळ-संध्याकाळ डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवायचं आणि गावाला सोडायचं. सगळं गाव त्याच्या हातचं पाणी पितं आणि त्याच्या तोंडून देवाकडे मागतं, असं मी कौतुकाने म्हणत असे. कोणाच्या पोराचा दुबईचा व्हिसा, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या म्हशीचं दूध. दादा आधी त्या माणसाला देवळाच्या सोप्यावर बसवून निवांत ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, अर्धं काम तिथंच होतं, सोप्यावर. गाऱ्हाणं तर मागाहून.

मी त्याची धाकटी बहीण, तेजस्विनी. लग्न होऊन डिचोलीला गेले, बाजारात ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते. माझी जीभ तिखट आहे हे गिऱ्हाइकं सांगतीलच. त्या जिभेचा या गोष्टीत उपयोग झाला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गणपतीची चवथ झाली आणि दादा हळूहळू गप्प होत गेला. आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तो मुळातच कमी बोलणारा. माझ्या लक्षात आलं ते जेवणावरून. मी माहेरी गेले होते. वयनीने सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी केली होती, नारळ चांगला वाटून, वर त्रिफळं. दादाने दोन घास भात खाल्ला आणि ताट सरकवलं. आमच्याकडे माणसाला ताप आला तरी तो नुस्त्याच्या, मासळीच्या, वासाने उठून बसतो. मी विचारलं, "श्रावण खंयचो रे आता?" तो म्हणाला, "माती खाल्ल्यासारखा लागता." रागाने नाही, थट्टेने नाही. अगदी सपाट आवाजात.

मग वयनी फोनवर एकेक सांगू लागली. शेवंतीवयनी गरीब स्वभावाची, एका वाक्यात तीन वेळा थांबणारी. हे झोपत नाहीत. पहाटे उठून पायरीवर बसतात. दाढी करत नाहीत. टाकी भरून वाहून गेली तरी पंप बंद करायचं भान राहिलं नाही, लोक ओरडले. ओरडले तर म्हणतात, बरोबर आसा, मी कोणाच्याच कामाचो नाय.

"डॉक्टराकडे नेलंस?" मी विचारलं.

"नेलं. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या." मग थांबली. "हे म्हणतात देव आपल्याकडे बघत नाही."

आणि तिथेच सगळं फिसकटलं. बाबलीकाका, गावचे जुने मानकरी, त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी ठरवून टाकलं की गाऱ्हाणं घालताना सगुणची कधीतरी चूक झाली असणार, देवाचा रोष आहे. उपाय? एकवेळचं जेवण, आणि रोज संध्याकाळी देवळात बसणं. ज्या माणसाच्या पोटात आधीच अन्न जात नव्हतं त्याला उपास! बाबलीकाकांचा जीव होता दादावर, वाईट हेतू नव्हता. पण माझ्या डोक्यात सणक गेली. फोनवर मी वयनीला म्हटलं, त्या काकांना सांग, तुम्ही महिनाभर पेज पिऊन बघा, देव दिसतो का ते.

माझ्या एका गिऱ्हाईकबाईचा नवरा असाच झाला होता. बाई शाळेत शिकवतात, मापं देताना मोकळेपणी सांगायच्या. मनाचा आजार असतो, त्याला औषध असतं, म्हापशाला सरकारी इस्पितळात डॉक्टर बसतात. मी दादाला फोनवर ते सांगितलं. तो म्हणाला, "माका पिसो ठरवतलंस? पिश्याच्या तोंडचा गाऱ्हाणा कोण ऐकतलो?"

पिसो म्हणजे वेडा. आणि तो म्हणाला ते खरं होतं. गावात बोभाटा झाला असता तर मान गेला असता, आणि त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

मग एका बाजारच्या दिवशी तो अचानक माझ्या दुकानात उभा. पेडण्याहून दोन बस बदलून. हातात पिशवी, त्यात सोललेले नारळ. शर्ट खांद्यावरून उतरत होता, दुसऱ्याचा घातल्यासारखा. मी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. त्याने चहा तसाच ठेवला. खिशातून बाबांचं घड्याळ काढलं आणि मशीनवर ठेवलं.

"तुझ्याकडे आसूं दी."

"बिघडलां काय?"

"नाय. चलता बरा."

ते घड्याळ त्याने बाबा गेल्यापासून मनगटावरून उतरवलं नव्हतं. आंघोळ करतानासुद्धा नाही. वयनी त्यावरून ओरडायची. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, रस्त्याकडेही पाहत नव्हता. मला इतकी भीती वाटली की हातातली कात्री खाली ठेवायचंही सुचेना. तो गेला आणि मी शटर ओढून घेतलं. वयनीला फोन केला, म्हटलं, त्याला एकटं सोडू नकोस. पंपावर जाईल तेव्हा तूही जा. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "जा म्हणतेय ना." तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. तिनेही पुढे विचारलं नाही, यावरूनच मला समजलं की तिलाही ठाऊक आहे.

त्यानंतर फोन वाजला की मला धडकी भरायची. वयनीचं नाव दिसलं की आधी डोळे मिटायचे आणि मग फोन उचलायचा. नवरा म्हणाला, तू जेवत का नाहीस? मी म्हटलं, जेवते की. जेवत नव्हते. सोमवारी दुकान बंद ठेवलं आणि गावी गेले. मनात ठरवलं होतं, ओढत न्यावं लागलं तरी म्हापशाला न्यायचं.

घरी कुलूप. शेजारीण म्हणाली, देवळात गेलीत, मुरगावहून कोणी आलेत गाऱ्हाण्याला. मी तशीच देवळात.

मुरगावहून आलेलं जोडपं तरुण होतं. प्रमोद आणि पूनम. मूळचे बेळगावकडचे, तो बंदरावर कामाला. तिचं आजोळ आमच्या गावचं, म्हणून इथे नवस बोलले होते. त्याची नोकरी कायम झाली आणि ते नवस फेडायला आले होते. आनंदाचं काम. पेढ्यांचा पुडा, नारळ, केळीचा फणा, सगळं ताटात मांडलेलं. बाबलीकाका पुढे, गावचे पाच-सहा लोक मागे, वयनी खांबाला टेकून. दादा सोवळं नेसून देवासमोर उभा राहिला. बरगड्या दिसत होत्या. मी मागेच थांबले, म्हटलं, एवढं आटपू दे.

त्याने सुरुवात केली. आवाज आला, तोच, तळ्यापर्यंत जाणारा. क्षणभर मला वाटलं, अरे, बरा आहे की हा.

"बा देवा म्हाराजा, गावच्या धन्या, शिवेच्या राखणदारा…"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही लेकरां तुज्या पायांकडे इलीत…"

"व्हय म्हाराजा!"

"तुजो नारळ तुका दिलो, केळ दिला. ता मान्य करून घे…"

"व्हय म्हाराजा!"

मग तो थांबला. दादा गाऱ्हाण्यात कधी थांबत नाही. आणि पुन्हा बोलायला लागला तेव्हा आवाज तोच, पण शब्द त्या जोडप्याचे नव्हते.

"ह्या लेकराक न्हीद नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"पोटाक अन्न नाय, मनाक उजवाड नाय."

"व्हय म्हाराजा!"

पूनमने नवऱ्याकडे पाहिलं. आम्ही असं कुठे म्हटलं, असं तिच्या चेहऱ्यावर. पण बाकीचे लोक सवयीने हात जोडून, डोळे मिटून म्हणत होते. आमच्याकडे गाऱ्हाण्याचे शब्द कोण ऐकतो? शेवट ऐकायचा आणि व्हय म्हणायचं. लहानपणापासून तेच शिकलो.

"हा लेकरू दमलां, म्हाराजा. कोणाच्या कामाचा रवला नाय."

"व्हय म्हाराजा!"

"ह्याका आता हयसून सोडव. ह्याका व्हर, म्हाराजा."

आणि सगळ्यांनी, बाबलीकाकांनी, शेजाऱ्यांनी, ज्यांच्या घरचं सुखदुःख तो आयुष्यभर वाहत आला त्या सगळ्यांनी, एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"नाय!" मी ओरडले.

देवळात कोणी बाई अशी ओरडली नसेल. "नाय म्हणतंय मी! कशाक व्हय म्हणतात? ऐकलात काय तो काय मागता ता?"

सगळे डोळे उघडून माझ्याकडे बघू लागले. मग त्यांनी दादाकडे पाहिलं. तो तसाच देवाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. कोणीतरी मागे पुटपुटलं, व्हर म्हणाला काय तो? व्हर म्हणजे घेऊन जा, या जगातून ने. प्रत्येकाला कळलं होतं की आपण कशाला होकार दिला.

बाबलीकाका आधी सावरले. चेहरा पांढरा पडलेला, पण मानकरी तो मानकरी. म्हणाले, "देवाकच विचारूया. कौल घेवया."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलांच्या ओल्या कळ्या लावायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी म्हटलं, कौल-बिल काही नको, याला म्हापशाला न्यायचाय, आत्ता. तेव्हा दादा पहिल्यांदा वळला. डोळे सुजलेले. "कौल झालो तर येतंय," म्हणाला. "देव नको म्हणत असलो तर माका व्हरू नका."

आता काय करायचं? गुरव कळ्या आणायला निघालासुद्धा. मला दिसत होतं, डावी कळी पडली की संपलं. त्या एवढ्याशा कळीवर माझा भाऊ टांगलेला. मी तोंड उघडलं, पण माझी ती प्रसिद्ध जीभ टाळ्याला चिकटली होती.

बोलली ती वयनी. खांबाजवळून पुढे आली, पदर खोचला.

"काकानु," बाबलीकाकांना म्हणाली, "तुमच्या नातवाक जिवाण चावला तेव्हा ह्यांनी कौल घेतलेलो?"

जिवाण म्हणजे साप.

"पोराक उचलून रिक्षात घातला आणि इस्पितळात नेला. तुम्ही कौल कौल करून बोंबलत होतात. हे म्हणाले, देव हयच आसा, खंय जाणा नाय, त्याका मागाहून विचारू." मग ती दादाकडे वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला चारचौघांत कधी उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. "तुमकाय जिवाण चावलां. ता दिसणा नाय इतक्याच. चला."

दादा हलला नाही. बाबलीकाकांनी गुरवाला हाताने थांबवलं. म्हातारा माणूस, पण आला आणि दादाच्या अंगावर स्वतःचं उपरणं घातलं. "जा बाबा सगुण," म्हणाले. "देवाक मी सांगतंय." त्या दिवशी मी त्यांना सगळं माफ केलं.

प्रमोदची गाडी बाहेर होती. आम्ही काही विचारायच्या आधी त्याने चावी काढली. पूनम पुढे बसली, पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच. मागे मधे दादा, एका बाजूला वयनी, एका बाजूला मी. मला वेड्यासारखी भीती वाटत होती. दार कुलूपबंद आहे ना हे मी पुन्हा पुन्हा चाचपत होते. कोलवाळच्या पुलावर गाडी चढली आणि खाली नदी दिसली तेव्हा मी त्याचं उपरणं मुठीत धरलं. तो कुठेच बघत नव्हता. वयनी मात्र त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात भाताच्या कापणीचं काहीतरी सांगत होती, जसं रोजचंच आहे.

इस्पितळात थांबावं लागलं. बाकावर आमच्याच आसपासच्या गावांतली माणसं बसलेली. चोपड्याची एक मासे विकणारी बाई ओळखीची निघाली. मी तोंड लपवायला गेले तर तीच म्हणाली, "माझो चेडो येता हयसर. आता बरो आसा, होडयेर जाता." चेडो म्हणजे मुलगा; तो आता पुन्हा होडीवर जातो, एवढंच. पण दादाने ते ऐकलं, कारण त्याने मान वर केली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. मला वाटलं, ही काय ऐकणार? पण तिने खुर्ची मेजाच्या मागून काढून दादाजवळ आणली. झोप, भूक, कामात लक्ष, कधीपासून, सगळं विचारलं. दादा एकेका शब्दाचं उत्तर देत होता, बाकीचं वयनी सांगत होती. मग ती सरळ म्हणाली, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

मी खुर्चीतून उठलेच. हा कसला प्रश्न! डोक्यात नसेल तर येईल ना! इतके दिवस मी तो शब्द फोनवर उच्चारायला घाबरत होते, आणि या पोरीने तो चहा घेणार का विचारावं तसा विचारला. तिने मला हाताने बसा म्हणून खुणावलं. "विचारल्याने येत नाही," म्हणाली. "असतं ते बाहेर येतं."

दादाने वयनीकडे पाहिलं. वयनीने त्याचा हात सोडला नाही.

"व्हय," तो म्हणाला.

मला वाटलं होतं हा शब्द ऐकला की मी कोसळेन. कोसळले नाही. डॉक्टरने आणखी विचारलं, कधी, कुठे, काही ठरवलंय का. तो सांगत गेला. डोंगरावरच्या टाकीबद्दल सांगितलं. ते सगळं मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की आमची भीती खोटी नव्हती, आणि आम्ही फार लवकरही आलो नव्हतो.

डॉक्टर म्हणाली, हे नैराश्य असावं. रक्त तपासून घेऊ, थायरॉईडही बघू, काही वेळा तेही कारण असतं. हा आजार आहे, औषधाने आणि बोलण्याने उतरतो, पण आठवड्यात नाही, वेळ लागतो. दादाने तिला विचारलं, "देव माझ्याकडे बघणा नाय, ता कित्याक?" मला वाटलं आता ही व्याख्यान देईल. ती म्हणाली, "देवाचं मला सांगता येणार नाही. पण झोप परत आणता येते, आणि जेवणाला चव येते. आधी ते करू, मग तुम्हीच बघा."

मग तिने विचारलं, काही दिवस इथे राहाल, की घरून येऊन-जाऊन कराल? वयनीने माझ्याकडे पाहिलं. मी वयनीकडे. इथे ठेवलं म्हणजे गावात सगळ्यांना कळणार. घरी नेलं म्हणजे पंप, टाकी, पहाट. मी बोलायला तोंड उघडलं, आणि दादा आधी बोलला. देवळातल्या आवाजात नाही, घरातल्या त्या बारीक आवाजात, की डॉक्टरला पुढे वाकावं लागलं.

"माका भंय दिसता," तो म्हणाला. "माझोच माका भंय दिसता. माका घरा धाडू नका."

डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही धाडत," ती म्हणाली.